हरकत, मौन आणि संमती

कोणताही नियम पाळावयाचा तो का, हा प्रश्न मनुष्य समाज करून राहू लागला तेव्हापासून चालत आलेला आहे, आणि त्याची आजवर मिळालेली उत्तरे बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. राजाने सांगितले म्हणून, शास्त्रात लिहिले आहे म्हणून, पूर्वजांनी पाळले म्हणून, किंवा अधिक लोकांनी हात वर केले म्हणून. ह्यांपैकी पहिल्या तीन उत्तरांवर आपल्याकडे गेल्या दीडशे वर्षांत इतका खल झाला आहे की त्यात नवी भर घालण्यासारखे फारसे उरले नाही. चौथे उत्तर आपण राज्यव्यवहारात पत्करले आहे, आणि बहुमताचा पूर गावात शिरू नये म्हणून त्यास मूलभूत हक्कांचा बांधही घातला आहे. परंतु ह्या चारांपैकी एकही उत्तर जेथे लागू पडत नाही आणि तरीही जेथील नियम कोट्यवधी लोक रोज निमूटपणे पाळतात, असे एक क्षेत्र आमच्या डोळ्यांदेखत उभे राहिले आहे. ते क्षेत्र इंटरनेटचे. तेथील नियम कोण ठरवितो, कसे ठरवितो, आणि ज्यांना कोणी विचारले नाही अशा आपल्यासारख्यांनी ते का मानावेत, ह्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय यंत्रशास्त्राचा आहे, त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कित्येक वाचकांस वाटेल. म्हणून प्रथम विषयाचे स्वरूप सांगितले पाहिजे. आम्ही ज्या सानगडीत बसून हे लिहीत आहो, ते भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव. एक जुना किल्ला, भोवती धानाच्या बांध्या, आणि सगळा मुलूख तलावांचा. येथील एखाद्या आईने पुण्यास शिकणाऱ्या मुलाला चार ओळींचे पत्र फोनवरून धाडले, तर ते पत्र एका कंपनीच्या तारेवरून दुसरीच्या तारेवर, तेथून तिसरीच्या यंत्रात, असे मालक बदलीत जाते आणि क्षणात मुलाच्या हाती पडते. ह्या मालकांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कित्येकदा तर ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. सर्वांवर हुकूम चालविणारा असा कोणी धनी नाही. तरी पत्र पोहोचते, कारण मजकुराचे तुकडे केवढे करावयाचे, पत्ता कोठे लिहावयाचा, मध्येच एखादा तुकडा गहाळ झाला तर तो पुन्हा कसा मागावयाचा, ह्याविषयीचे नियम सर्वांनी सारखेच स्वीकारलेले आहेत. ह्या नियमांना मानके म्हणतात.

मानकाची कल्पना आपणांस नवी नाही. एका परगण्याची पायली दुसऱ्या परगण्याच्या पायलीशी जुळत नसे, तेव्हाचा व्यापाराचा घोटाळा जुन्या माणसांच्या बोलण्यात आम्ही ऐकलेला आहे. तो घोटाळा 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने मिटविला. पण तेथे मागे सरकार होते, निरीक्षक होता, दंड होता. इंटरनेटच्या मानकांमागे ह्यांपैकी काहीच नाही. मानक न पाळणाऱ्यास कोणी तुरुंगात घालीत नाही. फार तर त्याच्याशी कोणास बोलता येत नाही. अर्थात ज्या नियमामागे दंड नाही, त्या नियमाला आपले म्हणणे पटवूनच पुढे जावे लागते. येथूनच आमच्या विषयाचा नैतिक भाग सुरू होतो.

ह्या नियमांचा पहिला कागद 7 एप्रिल 1969 रोजीचा आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असलेल्या स्टीव्ह क्रॉकर नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहिला. चार ठिकाणची यंत्रे एकमेकांस जोडावयाची होती आणि ती बोलणार कशी, हे ठरविण्याचे काम ज्येष्ठांनी विद्यार्थ्यांवर सोडले होते. आपण काही आज्ञा करीत आहो असे कोणास वाटू नये, म्हणून क्रॉकरने त्या कागदास ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’, असे नाव दिले. त्या मालिकेचे क्रमांक आता नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत. त्यांतील सर्वच कागद मानकांचे नसले तरी जगाचा व्यवहार ज्यांवर चालतो ती मानके ह्याच मालिकेत आहेत, आणि नाव अजून ‘विनंती’ हेच आहे. जॉन पोस्टेल ह्या विद्वानाने 1998 साली मृत्यू येईपर्यंत ही मालिका सांभाळली. आज्ञेला विनंतीचे नाव देणे हा ढोंगाचाही प्रकार असू शकतो, हे आम्ही जाणतो. म्हणून नावावर न भुलता पद्धत कशी आहे ते पाहू.

हे काम करणाऱ्या मंडळीस इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स म्हणतात. तिची पहिली बैठक 1986 च्या जानेवारीत भरली, तेव्हा 21 जण हजर होते. तिला सभासद नाहीत. जो येईल तो तिचा. कंपनीचा नोकर आला तरी त्याने कंपनीचा वकील म्हणून न बोलता आपल्या बुद्धीने बोलावे, अशी अपेक्षा असते. कोणीही आपली कल्पना मसुद्याच्या रूपाने मांडू शकतो. सहा महिन्यांत तिचा कोणी पाठपुरावा केला नाही तर तो मसुदा आपोआप रद्द समजला जातो. तो उचलला गेला तर एक कार्यगट त्यावर काथ्याकूट करतो. गटाचे समाधान झाले म्हणजे सर्व मंडळीस अखेरची हाक दिली जाते: ज्यास हरकत असेल त्याने आता बोलावे. कार्यगटाच्या मसुद्यास ह्यासाठी निदान दोन आठवडे, आणि कार्यगटाबाहेरून आलेल्या मसुद्यास चार आठवडे दिले जातात. मग निरनिराळ्या शाखांचे प्रमुख ज्यात असतात ते सुकाणू मंडळ मसुदा वाचते. त्यांतील एकाही प्रमुखाने ‘ह्यावर चर्चा हवी’ असे म्हटले तर मसुदा थांबतो. मात्र त्याने कारण दिले पाहिजे, आणि ते कारण असे हवे की त्यावर काही उपाय करता येईल. नुसते ‘मला आवडत नाही’ हे कारण चालत नाही. निर्णय अन्यायाचा वाटल्यास वर दाद मागण्याची पायरीवार सोय आहे. शेवटी मसुदा प्रसिद्ध झाला की त्यातील एक अक्षरही पुढे बदलत नाही; चूक आढळली तर ती वेगळी नोंदवितात, किंवा जुना कागद मागे सारणारा नवा कागद काढतात.

इतके होऊनही तो नियम अजून ‘प्रस्तावित मानक’च असतो. पूर्ण मानकाची पदवी मिळण्यास आणखी एक परीक्षा आहे: निदान दोन निरनिराळ्या लोकांनी, एकमेकांची नक्कल न करता, केवळ कागद वाचून यंत्रणा उभारल्या पाहिजेत, त्या एकमेकींशी बोलू शकल्या पाहिजेत, आणि नियम प्रत्यक्ष व्यवहारात रुजलेला दिसला पाहिजे. नियम चांगला आहे की नाही हे त्याच्या कर्त्याने सांगावयाचे नाही. कर्त्यास कधीही न भेटलेल्या दोघांना त्याचा अर्थ सारखाच लागला, ह्यावरून ते ठरवावयाचे. आमच्याकडील किती कायद्यांस व परिपत्रकांस ही कसोटी सोसेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मुख्य मुद्दा. ह्या मंडळीत मतदान नाही. 1992 साली हा प्रश्न निकरास आला होता. पत्त्यांचा साठा अपुरा पडणार हे दिसू लागले, तेव्हा वरिष्ठ मंडळाने त्या वर्षीच्या जूनमध्ये जपानातील कोबे येथे जमून पुढील पत्तापद्धतीविषयी आपला कौल एका बाजूस दिला. खालच्या कामकऱ्यांस न विचारता हे झाले म्हणून पुढल्याच महिन्यात, जुलैत, अमेरिकेतील केंब्रिज येथील सभेत मोठा क्षोभ उसळला. त्या सभेत डेव्हिड क्लार्क ह्यांनी जे सांगितले ते पुढे त्या मंडळीचे ब्रीद होऊन बसले. आम्हांस राजा नको, अध्यक्ष नको, मतदानही नको. ढोबळ एकमत हवे आणि प्रत्यक्ष चालून दाखविणारी आज्ञावली हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परिणाम असा झाला की मानके संमत करण्याचा अधिकार वरिष्ठ मंडळाकडून निघून सुकाणू मंडळाकडे गेला, आणि त्या मंडळाची निवड करणारी समिती ही सभांना येणाऱ्या इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून काढण्याचे ठरले. ज्यांनी निवड करावयाची त्यांची निवड दैवावर सोपविली, म्हणजे वशिल्यास जागा उरत नाही.

राजा व अध्यक्ष नको हे समजण्यासारखे आहे. पण मतदान का नको? ह्याचे एक कारण व्यावहारिक आहे. सभासदच नाहीत तेथे मतदार कोण, हे ठरणार कसे? एखाद्या धनाढ्य कंपनीने आपले दोनशे नोकर सभेस धाडले तर बहुमत तिच्या खिशात जाईल. दुसरे कारण अधिक खोल आहे. मतदानात माणसे मोजली जातात, कारणे मोजली जात नाहीत. पीट रेस्निक ह्यांनी 2014 साली ह्या मंडळीसाठी जे मार्गदर्शनपर टिपण लिहिले त्यात हा विचार टोकापर्यंत नेला आहे. शंभर जण अनुकूल व पाच प्रतिकूल असले तरी एकमत झाले असे म्हणता येणार नाही, जर त्या पाचांची हरकत खरी असून तिला उत्तर दिले गेले नसेल. उलट पाच अनुकूल व शंभर प्रतिकूल असूनही एकमत झालेले असू शकते, जर त्या शंभरांची हरकत एकच असून तिचे पूर्ण निराकरण झाले असेल. हरकत मान्य झालीच पाहिजे असे नाही. मात्र तिच्याकडे डोळेझाक करून पुढे जाता येत नाही. सभेत कल अजमावयाचा झाल्यास हात वर करण्याऐवजी हुंकार भरावयास सांगतात. गोष्ट सांगणाऱ्या आजीला मुले जसा हुंकार देतात तसाच हा प्रकार. त्यात डोकी मोजता येत नाहीत, आणि शेजारी बसलेल्या साहेबास आपल्या नोकराने कोणत्या बाजूने हुंकार भरला हेही नीट कळत नाही. शिवाय हा हुंकार निकालाचा नसतो. चर्चा कोठे अडली आहे हे कळण्यापुरताच त्याचा उपयोग.

आमच्या वाचकांस ही पद्धत परकी वाटू नये. आपल्या शास्त्रकारांनी सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त घालून दिली, तिचे मर्म हेच आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही समर्थपणे मांडून मग त्याचे खंडन करावयाचे. पूर्वपक्ष अनुत्तरित राहिला तर सिद्धान्त कितीही लोकप्रिय असला तरी सिद्ध झाला नाही. आचार्यांचे भाष्य वाचताना प्रतिपक्षाच्या अनुयायांची शिरगणती कोणी मागत नाही. व्यवहारातही आपल्याकडे ह्याचा एक नमुना होता. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा भरे, आणि निवाड्याच्या महजरावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही साक्ष पडे. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी काढी. पाटलाची निशाणी नांगराची असे. तो निवाडा पुढे पिढ्यान्पिढ्या टिके, कारण ज्यांना त्याच्यासह नांदावयाचे होते त्यांच्या देखत तो झालेला असे.

पण गोतसभेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या सभेत मिरासदाराच्या शब्दास जे वजन होते ते उपऱ्याच्या शब्दास नव्हते, आणि स्त्रियांस तर बहुधा जागाच नव्हती. जे हजर होते त्यांचे एकमत झाले. जे हजर नव्हते त्यांच्यावरही ते लादले गेले. हीच शंका इंटरनेटच्या सभेविषयी घेतली पाहिजे. दार सर्वांस उघडे आहे हे खरे. पण उघड्या दारापर्यंत पोहोचण्याचे भाडे सर्वांजवळ असते काय? वर्षातून तीनदा निरनिराळ्या देशांत सभा भरतात. सर्व व्यवहार इंग्रजीत चालतो. मसुदे वाचण्यास वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास पगारी वेळात करण्याची मुभा बहुधा मोठ्या कंपन्यांच्या व विद्यापीठांच्या माणसांसच मिळते. बैठकीत झालेला निर्णय पुढे सर्वांस खुल्या असलेल्या लेखी चर्चेत पक्का करावा लागतो, हा त्यावर चांगला उतारा आहे. घरी बसलेला माणूस पत्राने हरकत घेऊ शकतो. तरी ज्यास मसुदा निघाला हेच ठाऊक नाही, तो हरकत कोठून घेणार? ह्या सभेतले उपरी कोण, असे कोणी विचारल्यास, आम्ही मराठी भाषक हे एक उत्तर द्यावे लागेल. ह्याचे एक लहानसे पण बोलके उदाहरण देतो.

आचार्यास दक्षिणा द्यावयाची असते आणि आचाऱ्यास मजुरी. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या डोंगराच्या कुशीत असतात. उच्चारातला हा भेद मराठीत लिहून दाखविता येतो, कारण आपल्याकडे रफाराखेरीज डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आहे. हिंदीस त्याची गरज नाही, नेपाळीस आहे. आमच्या भागात तर त्यावाचून चालणारच नाही: शेतकऱ्यास त्याच्या नावाने हाक मारावयाची, किंवा विदर्भाच्या पश्चिम भागास वऱ्हाड म्हणावयाचे, तर हाच र लागतो. संगणकाच्या लिपीसंकेतात हा र लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक, नुक्त्याच्या ऱ ह्या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून. दुसरा, साध्या र चा पाय मोडून त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह ठेवून. दिसावयास दोन्ही सारखेच.

आता इंटरनेटवरील ठिकाणांची नावे इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतही असावीत असे ठरून त्याचे पहिले मानक 2003 साली निघाले. त्यात जोडणीचे ते अदृश्य चिन्ह नावातून गाळून टाकावे असा नियम होता. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जे डोळ्यांस दिसत नाही ते नावात राहिले तर लबाडाचे फावते. एकसारखी दिसणारी दोन नावे घेऊन तो भाबड्या ग्राहकास फसवू शकतो. परंतु परिणाम काय झाला? दुसऱ्या मार्गाने लिहिलेला आचारी नावात शिरताच आचार्य होऊन बसे. आपले निदान पहिल्या मार्गाने भागण्यासारखे होते; सिंहलीचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण सिंहली लिपीत श्रीलंकेच्या नावातील ‘श्री’ देखील त्या चिन्हावाचून नीट उमटत नाही. अनेक लिप्यांच्या बाजूने ह्या गोष्टी पुढे आल्या, आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये जी सुधारलेली मानके निघाली त्यांत ते चिन्ह सशर्त आत घेण्यात आले: पाय मोडलेल्या अक्षरानंतर ते चालेल, एरव्ही नाही. हरकतीत तथ्य आहे हे कळल्यावर नियम बदलला, ही पद्धतीची थोरवी. कळण्यास सात वर्षे लागली, ही तिची मर्यादा.

पुढे सर्वांत वरच्या पातळीच्या नावांचा प्रश्न आला, ज्यांत 27 ऑगस्ट 2014 रोजी खुल्या झालेल्या देवनागरी ‘.भारत’ ह्या नावाचा समावेश होतो. ह्या पातळीवर लिपीचे नियम काय असावेत हे आयकॅन ह्या दुसऱ्या संस्थेच्या व्यवस्थेखाली ठरते. त्यासाठी देवनागरी, बंगाली, तमिळ आदी नऊ लिप्यांकरिता निओ-ब्राह्मी नावाचे एक मंडळ नेमले गेले, त्यात भारतीय भाषांचे जाणकार होते, आणि मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले केले गेले. ह्या वरच्या पातळीवर अदृश्य चिन्ह वर्ज्यच ठेवले, आणि मराठीच्या अर्ध्या र साठी ऱ ह्या अक्षराचा मार्ग मोकळा ठेवला. म्हणजे फसवणुकीची भीती घालणारा पक्ष आणि भाषेची गरज सांगणारा पक्ष ह्या दोघांसही उत्तर मिळाले. जाणकार माणसे सभेत असली म्हणजे काय फरक पडतो, हे ह्यावरून दिसेल.

नसली म्हणजे काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्याच वर्णमालेत आहे. संगणकावरील लिपीसंकेत ठरविणारी युनिकोड ही संस्था निराळी. तिची रीतही निराळी, कारण तेथे मोठ्या कंपन्या, काही सरकारे वगैरे सभासद असतात आणि ते मत देतात. 1991 साली तिने प्रसिद्ध केलेल्या देवनागरीत ऍ हे अक्षर होते. पण मराठी माणूस ज्या रूपात ते लिहितो ते ॲ नव्हते. ते 2008 सालच्या आवृत्तीत आले. मधल्या सतरा वर्षांत लोकांनी अ वर वेगळा अर्धचंद्र ठेवून काम भागविले, आणि ती सवय अजून मोडलेली नाही. परिणामी एकच शब्द दोन संकेतांनी लिहिलेला आढळतो. डोळ्यास दोन्ही सारखे, पण शोधणाऱ्या यंत्रास एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. एका अक्षराविषयी वेळेवर हरकत न घेतल्याची किंमत ही अशी पिढीभर द्यावी लागते. महाराष्ट्रात इंजिनिअर कमी नव्हते, भाषेचे अभिमानीही कमी नव्हते. पण जे भाषेचे अभिमानी होते त्यांस मसुदा निघाल्याची वार्ता नव्हती, आणि ज्यांस वार्ता होती त्यांनी भाषेचा प्रश्न आपला मानला नाही.

मौन म्हणजे संमती, असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या मते हे वचन निदान तीन प्रकारच्या मौनांची गल्लत करते. पटले म्हणून गप्प राहणे हे एक. भीतीने किंवा आळसाने गप्प राहणे हे दुसरे. आणि विचारलेच गेले नाही म्हणून गप्प असणे हे तिसरे. संमती फक्त पहिल्यात आहे. दुसऱ्यात अपराध गप्प राहणाऱ्याचा, तिसऱ्यात सभा भरविणाऱ्याचा. अखेरची हाक दिली आणि कोणी बोलले नाही, एवढ्यावरून तीन मौनांपैकी कोणते होते हे कळत नाही, आणि जी पद्धत हरकतीवर उभी आहे तिचा सर्वांत नाजूक सांधा हाच होय.

ह्या बाबतीत परक्यांस दोष देण्यापूर्वी आपल्या गावाकडे पाहावे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेस मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते, आणि ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच उरत नाही. कायद्याने ही सोय काम अडून राहू नये म्हणून केली. पण तिचा व्यवहारातला अर्थ असा की गावाने दोनदा मौन धरले तर मूठभर माणसांचा ठराव हा गावाचा ठराव ठरतो. आमच्या तलावांच्या मुलखात ह्याचे परिणाम समजावून सांगावे लागत नाहीत. पाणी सोडण्याच्या तोंडाशी ज्याची बांधी आहे त्याने पाळ्यांचा नियम केला आणि शेपटाकडचा शेतकरी सभेस आला नाही, तर धान कोणाचे वाळेल हे लहान पोरही सांगेल. ज्या ग्रामसभेला आपण पायी पाच मिनिटांत पोहोचू शकतो तेथे न जाणाऱ्यांनी, समुद्रापलीकडच्या सभेत आम्हांस कोणी विचारले नाही, अशी तक्रार करावी हे फारसे शोभत नाही.

तथापि ह्यावरून हजर असलेल्यांची सुटका होत नाही. शेपटाकडचा शेतकरी आला नाही, म्हणून त्याची बांधी नकाशावरून पुसली जात नाही. जो सभेत आहे त्यावर दुहेरी कर्तव्य येते: आपले म्हणणे मांडण्याचे, आणि जो आला नाही त्याची हरकत काय असती हे शोधून तीही मांडण्याचे. हे कर्तव्य त्या मंडळीस अगदीच अपरिचित आहे असे नाही. लोकांवर सरसकट पाळत ठेवणे हा इंटरनेटवरचा हल्लाच समजावा आणि नवे नियम करताना त्यास आळा बसेल असे पाहावे, असा ठराव तिने 2014 च्या मे महिन्यात केला. तेव्हा सभेत बसलेल्या कारागिरांनी सभेबाहेरच्या सामान्य माणसाचीच बाजू घेतली होती. 2020 च्या ऑगस्टमध्ये तिच्याच वरिष्ठ मंडळाने एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की हितसंबंधांचा विरोध येईल तेथे शेवटी वापरणाऱ्याचे हित श्रेष्ठ मानावे, कंपन्यांचे वा यंत्रे बनविणाऱ्यांचे नव्हे. टिपणाने सगळे सुधारले असे आम्ही म्हणत नाही. पण सभेने स्वतःस असा नियम घालून घेणे, म्हणजे रिकाम्या खुर्चीसही एक मत आहे हे मान्य करणे होय.

ह्या पद्धतीवर दुसरा आक्षेप असा घेतात की ती फार संथ आहे. आक्षेप खरा आहे. पत्त्यांचा साठा वाढविणाऱ्या ज्या नव्या पद्धतीवरून 1992 चा वाद पेटला, तिचा पहिला नियम 1995 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला, आणि पूर्ण मानकाची पदवी तिला 2017 च्या जुलैत मिळाली. एकवीस वर्षे उलटून गेली. पण ह्या काळात ती पद्धत निजून राहिली नव्हती. ती वापरली जात होती, तिच्यातील खोडी बाहेर पडत होत्या, आणि दुरुस्त होत होत्या. पदवी शेवटी आली ती झालेल्या गोष्टीची नोंद म्हणून. आपल्याकडे बहुधा उलट घडते: नियम एका रात्रीत होतो, आणि त्याच्या दुरुस्त्या, खुलासे व स्पष्टीकरणे ह्यांत पुढली वीस वर्षे जातात. हरकतींना आधी उत्तर द्यावयाचे की नंतर, एवढाच हा प्रश्न आहे, आणि आधी दिलेले उत्तर स्वस्त पडते असा सर्वत्रचा अनुभव आहे.

तात्पर्य, नियमास अधिकार येतो तो त्यामागे किती माणसे उभी राहिली ह्याने नव्हे. त्याच्या आड आलेल्या किती हरकतींस त्याने प्रामाणिक उत्तर दिले ह्याने. हे मान्य केले म्हणजे हरकत घेणारा माणूस आपणांस निराळा दिसू लागतो. आपल्या घरांत, शाळांच्या समित्यांत व गावच्या सभांत हरकत घेणाऱ्यास विघ्नसंतोषी समजण्याची रीत आहे. सर्वांचे ठरले असता हा एकटाच का आडवा येतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो जर कारण देत असेल तर तो सभेचे कामच करीत असतो, आणि त्यास गप्प बसविणारे लोक तो ठराव उद्या मोडण्याची तजवीज करीत असतात.

इंग्रजी शिकलेल्या आमच्या वर्गावर ह्यातून एक रोकडे ऋण निघते. त्या सभांची भाषा आम्हांस कळते. आमची मुले त्या धंद्यात आहेत. आणि मसुदे फुकट वाचावयास मिळतात. मराठीच्या एखाद्या अक्षराचा, जोडाक्षराचा किंवा नावाचा प्रश्न ज्या मसुद्यात येतो, तो वेळेत वाचून दोन ओळींची सकारण हरकत लिहिणे, हे भाषेच्या अभिमानावर व्याख्यान देण्याहून कमी दिखाऊ आणि अधिक उपयोगी काम आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाने इंजिनिअरास गाठावे, इंजिनिअराने व्याकरणकारास विचारावे, आणि दोघांनी मिळून, ज्याला ह्यातले काहीच ठाऊक नाही अशा शेतकऱ्याचे नाव नीट उमटते की नाही, हे पाहावे. अखेरची हाक दोन आठवड्यांची असते. तेवढ्या अवधीत ती ऐकू येण्यास कान मात्र आधीपासून तिकडे लागलेले असावे लागतात.